तानबा बाटला तेव्हा बैठक बसली

हिंगणीचा तानबा बायकोला, धुरपताला, मारतो, हे गावात कोणापासून लपलेलं नव्हतं. तो कापसाची गाडी घेऊन सेलूला जायचा आणि दारूबंदी असली तरी येताना कुठूनतरी मोहाची पिऊन यायचा. मग धुरपताच्या किंकाळ्या आमच्या ओसरीपर्यंत ऐकू यायच्या. एकदा त्यानं काठीनं तिचा हात मोडला. हात वाकडाच जुळला. ती रडत भैयाजींकडे गेली. भैयाजी गावातले बडे शेतकरी, त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "नवरा हाये तुहा. घरी जाय."

संपलं! एवढाच न्याय.

त्रेपन्न साली केळझरजवळ तानबाची गाडी उलटली आणि पाय चाकाखाली चेचला. त्याला नागपूरकडच्या मिशनच्या दवाखान्यात ठेवलं. तिथं तो सगळ्यांना शिव्या द्यायचा. पट्टी बदलताना कळ आली म्हणून त्यानं प्रमिलाबाई नर्सच्या तोंडावर जेवणाची थाळी भिरकावली. तिची भुवई फुटली. डॉक्टर त्याला हाकलायला निघाले, तर तिनंच अडवलं. थोड्या वेळानं कपाळाला पट्टी बांधून ती पुन्हा त्याच्या पायाशी बसली.

"तुले राग नाई येत काय?" तानबानं विचारलं.

"येतो की. आत्ताही आलाय."

"मंग काऊन करून राह्यली हे?"

"माझ्या प्रभूनं मला माफ केलंय, तानबा. ती माफी काय मी एकटीनंच ठेवून घेऊ?"

पुढं तो तिला येशूबद्दल खोदून खोदून विचारू लागला. आपल्याला क्रुसावर खिळे ठोकणाऱ्यांसाठीही येशूनं देवाकडे माफी मागितली, हे ऐकून तो आधी भडकला. "मारणाऱ्याले माफी? अन् मार खाणाऱ्याचं काय?" असं ओरडताना धुरपताचा वाकडा हात डोळ्यांपुढं आला, असं तो नंतर सांगायचा. मग तोंडावर चादर ओढून तो लहान पोरासारखा रडला.

लंगडत घरी आला तो धुरपताच्या पायांशी बसला. ती घाबरून मागं सरकली. तिचा विश्वास बसायला वर्ष गेलं. राग त्याचा गेला नव्हता. आला की तो घराबाहेर पडायचा, लाकडं फोडत प्रार्थना पुटपुटायचा आणि शांत झाला की परतायचा. दारू मात्र सुटली. मग वर्ध्याला जाऊन त्यानं बाप्तिस्मा घेतला.

आणि आता, बघा, गावाला जाग आली! मारुतीच्या पारावर बैठक बसली. तानबा बाटला, त्याला विहीर बंद, न्हावी बंद, गाडीला माल बंद. भैयाजी म्हणाले, "तानबा, तू गावाचं नाक कापलं." त्यांच्या पुतण्यानं, मोतीलालनं, उठून भर बैठकीत तानबाच्या थोबाडीत मारली. तानबाची मूठ वळली. सगळे मागं सरले; ती मूठ सगळ्यांना ठाऊक होती. तो तसाच उभा राहिला आणि त्यानं मूठ सोडली.

भैयाजी धुरपताकडे वळले. "तू माहेरी जाय. असल्या माणसाजवळ राहू नको. आम्ही तुह्या पाठीशी हावो."

धुरपता कधी चारचौघांत बोललेली नव्हती. तिनं पदर सारून तो हात वर केला.

"हा हात मोडला तवा कुठी होती तुमची बैठक, भैयाजी? तवा घरी जाय म्हनलं. आता तो मले मारत नाई, तर घर सोड म्हनता?"



ती त्याला सोडून गेली नाही. ख्रिस्तीही झाली नाही; तिचं कुंकू, तिची देवी तशीच राहिली, आणि तानबानं कधी जबरदस्ती केली नाही. सेलूच्या हिरालाल व्यापाऱ्यानं गाडीला काम दिलं. बायकांनी आधी धुरपताला विहिरीवर येऊ दिलं, मग हळूहळू सगळंच सैल झालं. पण बहिष्कार चुकला, असं कोणी म्हटलं नाही. भैयाजी मानानं जगले आणि मानानंच गेले.

तानबा बाटला, हे गावात अजून सांगतात. तो माणूस झाला, हे सांगताना मी एकालाही ऐकलं नाही.