जीपवरची कमान
वेल्डिंगचा जळका वास आला की ऐंशी सालानंतरचा तो उन्हाळा आणि नागभीडचं आमचं अंगण दिसतं. मोठ्या भावाला आमची उघडी जीप नागपूरच्या शर्यतीत पळवायची होती. गाडी उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून तो सीटमागे जाड पाइपाची कमान, म्हणजे रोल बार, बसवून घेत होता. स्वतः सीटवर बसून त्यानं ती डोक्याच्या वर राहील इतकी उंच ठेवली. पण तिच्यावर ताडपत्रीचा टप बसेना. बाबा भडकले, "तेंदूपत्त्याच्या हंगामात मजुरायले उन्हात नेऊ काय? काप तो पाइप." भाऊ म्हणाला, "बाबा, मंग डोक्शं उघडं राह्यते ना!" "एका दिवसाच्या शर्यतीसाठी गाडी नासवून राह्यला काऊन?" आमच्या घरी बाबांपुढे दुसऱ्यांदा बोलायची रीत नव्हती. भावानं कमान खांद्याइतकी ठेंगणी करून घेतली, वर टप बसवून दाखवला, आणि बाबा जेवायला उठले. शर्यतीत जीप वळणावर उलटली. भाऊ जागीच गेला. पुढे बाबांनी जीप भंगारात दिली, कमान मात्र काढून आणली. आता बाबाही नाहीत. अंगणात त्या कमानीवर मी दोडक्याचा वेल चढवलाय. ती अजून कुठंच वाकलेली नाही.