लिझाकाकीच्या गोडाचे थर

काचेचं ते चौकोनी भांडं आजही आठवतं ते हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याच्या आंबूस वासासकट... कडब्याच्या खोपीत, चुन्याने रंगवलेल्या पाच पांडवांच्या दगडांशेजारी, आंबिलीच्या मडक्याला टेकून ठेवलेलं. काचेतून त्याचे थर दिसत होते – तांबूस बिस्किटांचा, पांढऱ्याशुभ्र सायीचा, केशरी आंब्याचा, पुन्हा बिस्किटांचा – आणि माथ्यावर डाळिंबाचे दाणे. इतकं देखणं काही आमच्या चाकूरच्या शेतात त्याआधी आलं नव्हतं.

ते केलं होतं लिझाकाकीने. माझा धाकटा काका डॉक्टरकी शिकायला फिलिपाइन्सला गेला आणि येताना तिच्याशी लग्न करूनच आला. त्या वर्षी नाताळ आणि येळवस लागून आले. येळवस म्हणजे आमची वेळा अमावस्या. त्या दिवशी घरोघरची माणसं शेतात जेवायला जातात. इकडे काकीचा माहेराविना हा पहिलाच नाताळ. नाताळच्या आदल्या दिवशी तिच्या माहेरी सारं गोत जेवायला जमायचं, तिची आई हे गोड कापायची आणि थर सुबक निघाले की सगळे टाळ्या वाजवायचे. आपल्या हातच्या तुकड्याचा फोटो पाठवीन, असा शब्द काकीने आईला दिला होता. तो शब्द तिने जिवापाड जपला होता.

येळवशीच्या आदल्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात माझी आई भज्जीसाठी – येळवशीच्या मिसळभाजीसाठी – तुरीच्या शेंगा सोलत होती, चिंच भिजत होती, मेथीचा कडवट दरवळ सुटला होता. आणि शेजारी काकी म्हशीच्या दुधाची घट्ट साय घुसळत होती. आंबा डिसेंबरात कुठला? काकाने लातूरहून रसाचा डबा आणला होता. आई कामं टाकून बघत राहिली.

"इस्तू न लावता गोड? लईच न्यारं हाय गं तुझं!"

थर लागले, भांडं फ्रिजमध्ये गेलं – आणि वीज गेली. काकी रडकुंडीला आली. आईने मात्र भांडं परातीतल्या पाण्यात ठेवलं, उन्हाळ्यात ताकाच्या मडक्याला गुंडाळते तसं ओलं फडकं त्याला गुंडाळलं आणि गार वाऱ्याच्या खिडकीत सरकवलं. सकाळी साय छान घट्ट झालेली! काकीने आईच्या गळ्यात हातच टाकले.

शेतात पूजा झाली, आंबील शिंपडून झालं, पंगत बसली. वाढायला आई. भज्जी तळापासून ढवळल्याशिवाय वाढायची नाही, ही तिच्या हाताची आयुष्यभराची सवय – सगळ्या भाज्या प्रत्येकाच्या वाटीत यायला हव्यात ना! भज्जी संपली, पळी धुतली, काकीचं भांडं पुढे ओढलं... आणि त्याच सवयीच्या हाताने आईने ते तळापासून ढवळलं.

तुकडे कापायला काकीने घेतलेली सुरी हातातच राहिली.

"आगं बया, काय केलं मी हे..." आईचा चेहरा पार उतरला.

काकीचे डोळे भरले होते, पण बघत होती ती आईकडे. मग तिने भांड्यात वाकून पाहिलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आक्का... भज्जी झाली!" आणि हसली. आईला जवळ ओढून, पळीसकट, काकाला फोटो काढायला लावला आणि तोच माहेरी पाठवला. पुढे मी पुष्कळ माणसं पाहिली, पण एवढ्या मोठ्या मनाची फार थोडी.

आई आता नाही. तिच्यामागची पहिली येळवस आली तेव्हा काकीने पुन्हा ते गोड केलं. आता वीज जात नाही; थर असे रेखीव, की काकीच्या मुलांनी मोबाइल सरसावले. काकीने सुरी उचलली... ठेवून दिली. पिशवीतून आईची पळी काढली आणि भांडं तळापासून ढवळलं.

"आई, फोटो राहिला की!" पोरं ओरडली.

"राहू द्या," काकी म्हणाली. "आक्का आसंच वाढत व्हत्या."

आणि पहिली वाटी तिने माझ्या हातात दिली.