नववा नंबर, आमचे बाबा

मंडळी, दुपारपासून सुन्न आहे.

जेवताना आई-बाबांना एनिआग्रॅम वाचून दाखवत होते. माणसांचे नऊ स्वभाव. त्यातला नववा शांतिदूत, भांडण टाळायला काहीही करणारा. म्हटलं, "हे तर आपले बाबा!"

बाबा खूश. "मग! शहाऐंशी साली घाटकोपरला हिच्या नोकरीचं पत्र आलं. आमच्या आईला सुनेची नोकरी नको होती. मी पत्रच लपवलं. घरात शब्दाने शब्द वाढला नाही."

आईचा घास हातातच राहिला. "अहो, मी स्वतःला नापास समजून परत नोकरीची परीक्षाच दिली नाही!"

"जाऊ दे गं, आता कशाला वाद?"

आणि आम्ही जन्मभर भांडकुदळ म्हटलं आईला! तुमच्याही घरी आवाज न चढवणारा असा एखादा गुणी माणूस असेल. त्याने काय लपवलंय, विचारलंत कधी?