एकमत होईपर्यंत

शिंदखेड्याजवळच्या माळावर आमची वस्ती होती. मातीची घरे, शेणखतावरची शेती, पहाटे ध्यान, गोबरगॅसवर एकच स्वयंपाकघर. वडिलांनी सरकारी नोकरी आणि क्वार्टर सोडून आम्हाला तिथे आणले, तेव्हा मी शाळेत होते.

वस्तीत मतदान नव्हते. संध्याकाळच्या बैठकीत प्रत्येक विषय एकमताने सुटे आणि एकमत होईपर्यंत पंगत बसत नसे. उपाशी माणूस हट्ट लवकर सोडतो, असे त्यामागचे तत्त्व. बोअर कुठे घ्यायची यावरून एकदा जेवण फार लांबले. पुढे बोअर कोरडी गेली. जागा चुकीची आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांनाच आधी भूक लागली होती.

नव्वदच्या सुमारास, बी. ए. झाल्यावर, मला धुळ्याच्या एका दैनिकात मुद्रितशोधकाचे काम मिळाले. सोमवारी हजर व्हायचे होते. वस्ती सोडणे हाही बैठकीचाच विषय असे. न विचारता गेलेल्याच्या घरच्यांना घर रिकामे करावे लागे. आई-वडिलांना दुसरे घर नव्हते.

शनिवारी मी विषय मांडला. सगळे ‘मान्य’ म्हणाले. नाना म्हणाले नाहीत. नाना वस्ती उभारणाऱ्यांपैकी शेवटचे. नजर अधू, साखरेचा आजार. रोजचे वर्तमानपत्र मीच त्यांना वाचून दाखवत असे.

“पेपर तर तू आठे बी वाचस,” ते म्हणाले. “मंग धुयाले कशाले जास?”

“तिथं पगार देतात, नाना,” मी म्हणाले. दोघे-तिघे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी नकारही दिला नाही. “माले अजून पटत नही,” एवढेच ते म्हणत राहिले. लहान मुले रडू लागली, तेव्हा विषय रविवारवर ढकलण्यापुरते एकमत झाले.

रविवारी पुन्हा तेच. सोमवारी हजर होण्याआधी आता दुसरी बैठक उरत नव्हती. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या अक्का दारात येऊन म्हणाल्या, “भाकरी थंडी व्हई राहिनी. बठ्ठा भुक्या शेतस.” सगळे भुकेले आहेत, हे त्या कोणाला उद्देशून बोलल्या नाहीत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी ठरवून आले होते की मागे हटायचे नाही. तासभर हटले नाही. मग नानांच्या कपाळावर घाम दिसला. त्यांची साखर उतरत होती. अक्कांनी गुळाचा खडा पुढे केला. नानांनी मान हलवली. पंगतीआधी ते काही खात नसत. नियम त्यांनीच घातला होता.

“नाना, गूळ घ्या,” मी म्हणाले.

“पहिले तू सांग,” ते म्हणाले.

वडील माझ्या शेजारी होते. ते सतरंजीकडे पाहत राहिले.

मी विषय मागे घेतला. पण विषय मागे घेण्यालाही एकमत लागे. बैठक चालवणाऱ्याने एकेकाला विचारले. ज्याचा विषय, त्याला शेवटी विचारत. माझी पाळी येईपर्यंत नाना डोळे मिटून भिंतीला टेकले होते.

“मान्य,” मी म्हणाले.

ताटे मांडली गेली. भरीत होते, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. मी दोन भाकरी खाल्ल्या. मलाही भूक लागली होती.