एकच घमेलं

नायगावच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या चाळकमिटीच्या खोलीत बकुळाची बालवाडी भरायची. दादरच्या एका महिला मंडळात ती बालवाडीचं शिकून आली होती, पण साहित्य सगळं गिरणगावातलंच. गिरणीनं टाकून दिलेल्या सुताच्या रिकाम्या कांड्यांचे मनोरे, शिंप्याकडच्या चिंध्या, निवडायला चिंचोके नि वाल, आणि परळच्या गणपतीच्या कारखान्यातून मागून आणलेला उरलासुरला शाडू. तो भिजवायला मधोमध एक घमेलं. पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून कोपरापर्यंत हात घालायची.

"बाई, पाटीवर अक्षरं कधी काढणार?" आया विचारायच्या.

"आधी बोटं शहाणी होऊ द्या. पाटी कुठं पळून जात नाही," बकुळा म्हणायची. बाई दिसायला किरकोळ, आवाज मात्र गिरणीच्या भोंग्यासारखा.

छप्पनच्या डिसेंबरात तिनं आणि नवऱ्यानं, भिवानं, धम्मदीक्षा घेतली. घरातल्या देवांच्या तसबिरी उतरल्या आणि चाळीत कुजबुज सुरू झाली. आजवर तिची जात माहीत असूनही जे चालवून घेत होते, त्यांच्या डोळ्यांत आता ते घमेलं खुपायला लागलं.

एका सकाळी कमिटीचे गुणाजी खोलीत आले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्च्यात पुढं असणारा माणूस. घोषणा देऊन देऊन घसा बसलेला. त्यांची नात कमल घमेल्यापाशीच शाडूची पणती करत होती. त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं.

"बकुळाबाई, दोन घमेली ठेवा. तुमच्या पोरांचं एक, बाकीच्यांचं एक. म्हणजे कुणाचीच तक्रार नाही."

बकुळाला आपला बाप आठवला. त्याची सगळी हयात गिरणीत गेली, पण विणकाम खात्याचा उंबरा त्याला कधी ओलांडू दिला नाही. धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागतो, आणि याच्या तोंडाचा म्हणे विटाळ. आता लेकरांच्या हातांची पाळी होती.

"गुणाजीराव, काल मैदानात तुम्हीच ओरडत होता ना, मराठी माणूस तेवढा एक म्हणून? मग ही पोरं काय मराठी नाहीत?"

"ते राजकारण झालं. हा घरादाराचा प्रश्न आहे."

"मग घरात ठेवा तो. माझ्या वर्गात घमेलं एकच राहील."

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप होतं. घमेलं तेवढं धुऊन चौकात पालथं घातलेलं, म्हणून बाहेर राहिलं. बकुळानं ते नळाशेजारी मांडलं, परळहून नवा शाडू मागून आणून भिजवला आणि बौद्ध घरांतली पोरं घेऊन उघड्यावर बसली. बाकीची पोरं वर कठड्याच्या गजांतून बघत उभी. कुणीतरी वरून खरकटं पाणी फेकलं, ते अगदी जवळ पडलं. ती हलली नाही. "आज आपण विहीर करायची," एवढंच म्हणाली.

पाळी सुटून गंगुबाई आली. मालवणकडची, गिरणीत कांड्या भरणारी. तिनं वरून आपल्या लेकीला, शांताला, खाली आणलं आणि घमेल्यापाशी बसवलं.

"काय गंगुबाई, समजतंय का काही?" गुणाजी ओरडले.

"माझ्या चेडवाक चिखल लागलो तर मी धुयन. मी गिरणीत उभी असतंय तेव्हा तुमची कमिटी तिका सांभाळता काय?"

तिच्यामागून आणखी दोन-चार आया आल्या. सगळ्या नाही आल्या.

निवडणूक तोंडावर आली. संयुक्त महाराष्ट्र समितीचे पुढारी चाळीत यायचे होते, आणि बाहेर बसवलेली पोरं त्यांच्या नजरेला पडणं बरं दिसलं नसतं. गुणाजी किल्ली घेऊन आले.

"खोली घ्या. फक्त तो चिखल नको. पाटी, गाणी, गोष्टी, काय हवं ते शिकवा."

"किल्ली ठेवा तुमच्याकडंच," बकुळा म्हणाली. "आणि पुढारी आले की त्यांना इकडं आणा. मीच सांगते पोरं बाहेर का बसलीत ते."

गुणाजींनी त्या दिवशी पाहुण्यांना मागच्या जिन्यानं वर नेलं.

ऊन तापायला लागलं, तेव्हा भिवानं आपली खाट उचलून गॅलरीत टाकली. रात्रपाळी करून आलेला माणूस तिथंच तोंडावर टॉवेल घेऊन झोपायचा, आणि आत त्यांच्या एकुलत्या खोलीत बालवाडी भरायची. भिंतींवर शाडूचे पंजे उमटले. बकुळानं ते पुसले नाहीत.

कमल मात्र समोरच्या गॅलरीतून नुसती बघायची. बकुळा रोज दारात उभी राहून तिला हाक मारायची, "कमल, ये गं, शाडू भिजलाय!" सगळ्या चाळीला ऐकू जायचं.

शेवटी गुणाजी दारात आले. "बाई, माझ्या नातीला हाका मारणं बंद करा."

"तुमचं दार तुम्ही लावून घ्या," बकुळा शाडू मळता मळता म्हणाली. "माझं तोंड काही बंद व्हायचं नाही."