नाव नसलेला कप

आमच्या मजल्यावर दक्षिणेची, उन्हाची खिडकी फक्त माझ्या घरात. समोरच्या कापाताईकडे सगळा उत्तरेचा अंधार. त्यामुळे फेब्रुवारी संपत आला की तिच्या रोपांची वरात माझ्याकडे येते. दह्याचे रिकामे कप, कापलेले दुधाचे खोके, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि पेनाने नाव. बाहेर माणसं गोठलेल्या कामा नदीच्या बर्फाला भोकं पाडून मासे धरतायत आणि इथे माझ्या खिडकीत मिरच्यांना कोंब! मे महिन्यात रोपं बाहेर लावेपर्यंत मला खिडकी उघडायची सोय नाही. कोबीचं सूप ठेवलं तरी बाई विचारते, "वाफ फार नाही ना झाली?"

कापाताई म्हणजे कपितोलिना येगोरोव्हना. तीस वर्षं कारखान्यात क्रेन चालवली तिने. आता शहराबाहेरचा भाजीचा मळा हेच तिचं राज्य.

यंदा एका कपावर नाव नव्हतं. बाकीचे पन्नास गेले खड्ड्यात, ती रोज सकाळी येऊन त्याच्यातच डोकावायची. माझं नाव ताया, मी पडले चौकस. दोन दिवस तोंड दाबून बसले, तिसऱ्या दिवशी राहवेना.

"काय गं कापाताई, कोणाचं लग्न लागलंय त्या कपात?"

"तुला काय करायचंय, ताया?"

"खिडकी माझी आहे!"

मग सांगितलं. तिच्या आईचा काळा टोमॅटो. आईच्या काडेपेटीत चार बिया सापडल्या, बारा वर्षं जुन्या. ओल्या फडक्यात गुंडाळून चार दिवस तिने त्या छातीशी, आतल्या कपड्यात बाळगल्या आणि मग त्या कपात पेरल्या. अंगाच्या उबेने जाग येते बियाण्याला, आमच्याकडे सगळ्याच बायका करतात.

"आणि नाही उगवल्या तर?"

"तर ग्लाशाकडे मागावं लागेल. ते मी मेले तरी करणार नाही."

ग्लाशा तिची धाकटी बहीण, कुंगुर गावी असते. बारा वर्षं अबोला. का, तर ग्लाशाने याच टोमॅटोची बारा रोपं हिला दिली आणि ही बया "आभारी आहे" म्हणाली! रोपं देणाऱ्याचे आभार मानायचे नसतात, नाहीतर रोप धरत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आठवड्यात बाराच्या बारा वाळली. ग्लाशा म्हणाली, "माझी सोन्यासारखी रोपं तू जिभेने मारलीस." ही म्हणाली, "तुझी रोपंच किडकी." झालं!

त्या दिवसापासून माझाही डोळा त्या कपावर. चहा ठेवायच्या आधी मी भिंग घेऊन खिडकीशी. दहाव्या दिवशी हिरवा ठिपका दिसला. मी गाऊनवरच धावत जाऊन तिचं दार बडवलं. कापाताई आली, चष्मा पुसला, वाकून पाहिलं. शेवाळ निघालं. मला इतका राग आला स्वतःचा!

विसाव्या दिवशी मी म्हटलं, पुरे झालं, बघूच. कापाताईसमोरच दात कोरायच्या काडीने माती उकरली. चारही बिया आतून पोकळ, नुसती टरफलं. कापाताई स्टुलावर बसली ती बसलीच.

"फोन लाव," मी म्हटलं.

"नाही."

"मग ती अकड पेर त्या कपात, बघ उगवते का!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता कप डोक्यात घालते. पण तिने फोन लावला. तिला ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकरवर.

"ग्लाशा, मी बोलतेय."

"कळलं. आवाज विसरले नाही मी."

"आईचा काळा टोमॅटो... दोन बिया पाठव."

पलीकडे काही हलल्याचा आवाज आला, खुर्ची असावी.

"माझ्याकडे कुठला गं? सात वर्षांमागे गारांनी गेला, बीसुद्धा राहिलं नाही."

"अगं मग मागायचं ना माझ्याकडे!"

"कशाला मागू? आईची बियांची काडेपेटी तुझ्याकडे, म्हणून मी निर्धास्त होते."

"मीही तेच धरून बसले होते," कापाताई म्हणाली. मी शेगडी बंद केली, उगीचच. मला रडू येत होतं.

"ग्लाशा," तिने शेवटी विचारलं, "तो कापल्यावर आतून लाल असायचा का गं? की आतही काळपट? मला आठवतच नाहीये."



"मलाही नाही आठवत, कापा."