चष्मेवाल्यांचं पेंटेकॉस्ट

चष्मेवाल्यांना बोलायची भारी हौस, आणि धंदा असा की गिऱ्हाईक पळूच शकत नाही. तपासणीची जड चौकट त्याच्या नाकावर चढवली, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली, की यांच्या तोंडाचा पट्टा सुरू.

"पेंटेकॉस्ट म्हणजे काय, सांगा बरं? पन्नासावा! कशापासून? अहो, ज्यूंच्या वल्हांडण सणापासून पन्नासावा दिवस! गव्हाची कापणी झाली की ते देवाला नवं धान्य वाहायचे. त्यांच्याच त्या सणाला येशूचे शिष्य जमले होते, तेव्हा पवित्र आत्मा उतरला. घर त्यांचं, आपण मागून राहायला आलेलो!"

गिऱ्हाईक "हो, हो" म्हणायचं आणि खालची ओळ हमखास चुकायचं. चर्चमध्ये मात्र यांचा केवढा मान! पेंटेकॉस्टच्या रविवारी उपासनेनंतरचं व्याख्यान दरवर्षी यांचंच.

यंदा त्याच्या आदल्या आठवड्यात लेक एका सुताराला घरी घेऊन आली. दुकानातली कपाटं त्यानेच केलेली, त्यामुळे चष्मेवाल्यांनी त्याला कौतुकाने बसवून घेतलं.

"बाबा, आम्ही लग्न करतोय. हा ज्यू आहे," लेक हसत म्हणाली. लहानपणापासून व्याख्यानं ऐकलेली. बिचारीने ती खरी मानली होती.

चष्मेवाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"मुळं एकच आहेत, नाही कोण म्हणतंय? पण मुळं जमिनीखालीच बरी. उद्या चर्चमध्ये काय तोंड दाखवू मी?"

सुतार उठून बाहेर पडला. लेकीला रडू आवरेना. "मग इतकी वर्षं सांगत कशाला होतात?" म्हणाली आणि बॅग भरून मावशीकडे निघून गेली.

रविवारी यांना निदान थोडी लाज वाटावी? छे! लोकां सांगे ब्रह्मज्ञान! उलट यंदा जास्तच रंग भरला. "ज्यू म्हणजे आपले थोरले भाऊ!" म्हणताना डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. टाळ्या पडल्या. खूश होऊन त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

पहिल्या रांगेतून बायको उठली. आजवर तिने भर सभेत तोंड उघडलं नव्हतं.

"अहो, गुरुवारी आपल्या लेकीचं लग्न आहे. या तुमच्या थोरल्या भावांनी स्वतः येऊन आपल्याला बोलावलंय. मी तर जाणार. तुम्ही येताय, की अजून थोडं सांगायचं राहिलंय?"

सगळं चर्च वळून चष्मेवाल्यांकडे बघू लागलं. त्यांनी प्यायला पाणी मागितलं.